अळीचे वैरी, फुलपाखरांचे भक्त

घरच्या बागेंत फुलपाखरांचीं छायाचित्रें काढण्याची हौस गेल्या वीस वर्षांत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. पूर्वीं कॅमेरा हें श्रीमंतांचें किंवा धंदेवाइकांचें साधन होतें. आतां तो ज्याच्या त्याच्या खिशांत येऊन बसला आहे, आणि त्याचें भिंगहि असें सुधारलें आहे कीं, जास्वंदीवर बसलेल्या पाकोळीच्या पंखांवरची नक्षी शाळेंतल्या मुलालाहि टिपतां यावी. हौस निरुपद्रवी आहे, फारशी खर्चाची नाहीं, आणि मनुष्याला चार भिंतींबाहेर काढून उन्हांत उभें करणारी आहे. बंदुकीनें वाघ मारून त्याच्या मस्तकावर पाय ठेवून फोटो काढवून घेणाऱ्या पिढीपेक्षां फुलपाखरापुढें गुडघे टेकणारी पिढी अधिक सुधारलेली आहे, हें कोण नाकबूल करील? मग अशा हौसेविरुद्ध लेखणी उचलण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचें उत्तर असें कीं, आमचें भांडण हौसेशीं नसून तिच्या अर्धवटपणाशीं आहे. जी वस्तु आपणांस अत्यंत प्रिय आहे असें हा हौशी मनुष्य चारचौघांत सांगतो, तिचा जन्मच आपल्या अंगणांत होऊं नये अशी व्यवस्था तो स्वतःच्या हातानें करीत असतो. आणि याचा त्याला गंधहि नसतो.

अशा एका सामान्य सद्गृहस्थाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घरामागें लिंबाचें एक झाड, सांडपाण्यावर वाढलेला कढीलिंब, पुढल्या अंगास गुलाबाच्या व झेंडूच्या कुंड्या आणि हिरवळीचा एक तुकडा. रविवारीं सकाळीं हा गृहस्थ झेंडूपाशीं कॅमेरा रोखून तासभर तिष्ठतो. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलें लिंबाचें फुलपाखरूं येऊन बसलें म्हणजे तो श्वास रोखतो. आणि फोटो साधला तर दुपारच्या जेवणापूर्वींच तो पन्नास आप्तेष्टांच्या मोबाईलवर पोंचलेला असतो. सोमवारीं माळी येतो. “साहेब, लिंबाला अळी लागलीय,” असें तो सांगतो. गृहस्थ कामावर निघण्याच्या घाईंत उत्तर देतो, “मग फवारा मारून टाका.” हा फवारा कोणावर पडला? काल ज्याच्या छायाचित्राला आप्तेष्टांनीं वाहवा दिली, त्याच्याच लेकरांवर. हा विनोद नव्हे, आणि अतिशयोक्तीहि नव्हे. प्राणिशास्त्राच्या कोणत्याहि पुस्तकांत पाहून खात्री करून घेण्याजोगी साधी वस्तुस्थिति आहे.

लिंबाच्या फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर फिकट पिवळीं, टांचणीच्या डोक्याएवढीं अंडीं एकेक करून घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. आरंभीं ती काळपट-तपकिरी असून अंगावर पांढरा पट्टा असतो, आणि पानावर पडलेल्या पांखराच्या विष्ठेचें सोंग ती इतकें बेमालूम वठविते कीं, पांखरेंहि पुष्कळदां फसतात. कात टाकीत टाकीत ती वाढते, आणि शेवटच्या अवस्थेंत एकाएकीं पानासारखी हिरवीगार होते. तिला बोट लावावें, तर डोक्यामागून एक दुभंगलेलें नारिंगी शिंग बाहेर काढून ती उग्र दर्प सोडते. पुढें एखाद्या काटकीला रेशमी धाग्यानें कंबर बांधून ती कोष करते. आणि अंडें घातल्यापासून सुमारें महिन्याभरानें त्या कोषांतून ओल्या, चुरगळलेल्या पंखांचें फुलपाखरूं बाहेर येतें, पंख ताणून वाळवितें व उडून जातें. या महिन्याभराच्या नाटकांत फोटो घेण्याजोगे प्रसंग किती आहेत, हें वाचकांनींच मोजावें. आमच्या सद्गृहस्थानें त्यांपैकीं फक्त शेवटचा प्रवेश पाहिला, आणि तोहि झेंडूच्या परक्या रंगभूमीवर. आधींचे सारे अंक त्यानें औषध मारून बंद पाडले!

मूळ घोटाळा असा आहे कीं, आपण फुलांनाच फुलपाखरांचें घर समजतों. फुलें ही फुलपाखरांची खाणावळ आहे, घर नव्हे. मध जेथें सोयीनें मिळेल तेथें प्रौढ फुलपाखरूं जाईल. परंतु अंडीं घालतांना मादीसारखी चोखंदळ दुसरी कोणी नाहीं. ती पुढच्या पायांनीं पान चांचपून त्याची चव घेते, आणि आपल्या अळीला मानवणारी वनस्पति ओळखूं आली तरच तेथें अंडें ठेवते. लिंबाच्या फुलपाखराला लिंबाच्या वर्गांतील झाडें, कढीलिंब किंवा बेल लागतो. प्लेन टायगर या भगव्या फुलपाखराला रुई लागते. कॉमन एमिग्रंट या फिकट पिवळ्या फुलपाखराला बहावा व त्याच्या नात्यांतील झाडें. टेल्ड जे या हिरव्या ठिपक्यांच्या चपळ फुलपाखराला सीताफळ किंवा रस्त्याकडेचा उंच आसूपालव. कॉमन कॅस्टरला एरंड. कॉमन क्रोला कण्हेर. आणि आंब्याखालीं भिरभिरणाऱ्या बॅरनला आंब्याचींच पानें. ज्याला मराठींत ‘हळदी-कुंकू’ असें गोड नांव मिळालें आहे, त्या पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांच्या फुलपाखराची अळी तर झाडांवरच्या बांडगुळावर वाढते. हळदी-कुंकवाचें माहेर बांडगुळांत! निसर्गाला आपल्या सौभाग्यकल्पनांची मुळींच पर्वा नाहीं, हेंच खरें.

आतां या यादीशीं आपल्या बागा ताडून पाहाव्या. रुई आणि एरंड हीं ‘रान’ म्हणून आपण उपटतों, आणि त्यांच्या जागीं रोपवाटिकेंतून जें आणतों तें काय असतें? शेंकडों पाकळ्यांचे संकरित गुलाब, ज्यांच्या गर्दींत मधापर्यंत सोंड पोंचणेंहि कठीण. रंगीत पानांचीं शोभेचीं झुडुपें, ज्यांचा आपल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना कांहीं उपयोग नाहीं. आणि कैचीनें कातरलेली हिरवळ. पानाला एक भोंक पडलें तरी घरच्या इभ्रतीला भोंक पडल्यासारखें आपणांस वाटतें. आम्ही उलट म्हणतों कीं, ज्या बागेंत एकहि पान कुरतडलेलें नाहीं, ती बाग निरोगी नसून निर्जन आहे. तेथें येणारें फुलपाखरूं हें पाहुणें असतें. शेजारच्या एखाद्या आळशी मनुष्यानें आपलें परसूं वेळेवर साफ केलें नाहीं, त्याच्या पुण्याईवर आलेलें.

हा अर्धवटपणा केवळ व्यक्तींचा नाहीं. त्याला आतां सार्वजनिक थाटहि लाभला आहे. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. काळ्याभोर पंखांवर निळाईचा पट्टा मिरविणारें हें मोठें फुलपाखरूं खरोखरच त्या मानाला शोभणारें आहे, आणि असा मान फुलपाखराला देणारें महाराष्ट्र हें भारतांतील पहिलें राज्य ठरलें, हेंहि भूषणावह आहे. परंतु या राज्यचिन्हाची अळी काय खाते, हें मान देणाऱ्यांपैकीं व मान पाहून सुखावणाऱ्यांपैकीं किती जणांनीं विचारलें? तीहि लिंबाच्या वर्गांतील झाडांचींच पानें खाते. परसांतलें लिंबू किंवा पपनस तिला चालतें. म्हणजे राजपद फुलपाखराला आणि विष त्याच्या राजपुत्राला, असा हा आपला न्याय आहे. सरकारी पत्रकांत एक चित्र छापून प्राणी वांचत नाहीं. तो वांचतो तो चार घरच्या चार झाडांवर फवारा न पडल्यानें.

दुसरा दोष याहून गंभीर आहे, कारण त्यांत अज्ञानाची सबब चालत नाहीं. तो दोष म्हणजे खोटेपणा. फुलपाखराचें शरीर आपल्यासारखें आंतून ऊब राखीत नाहीं. उन्हानें अंग तापल्याखेरीज त्याला नीट उडतां येत नाहीं. या असहायतेचा फायदा घेऊन कांहीं मंडळी फुलपाखरूं पकडून डबींत घालतात, डबी फ्रिजमध्यें ठेवतात, आणि तें गारठून निपचित झालें म्हणजे हव्या त्या फुलावर मांडून हव्या त्या बाजूनें फोटो घेतात. वर पिचकारीनें पाण्याचे चार थेंब उडविले कीं पहाटेचें दंव तयार! मेलेलें फुलपाखरूं फुलाला चिकटवून तें जिवंत म्हणून खपविण्यापर्यंतहि मजल जाते. हें सोंग ओळखण्याची एक खूण येथें सांगून ठेवतों. संग्रहासाठीं टांचणी टोंचून पसरलेल्या फुलपाखराचे पुढचे पंख इतके वर ओढलेले असतात कीं, त्यांची खालची कड शरीराशीं काटकोन करते. जिवंत फुलपाखरूं पंख उघडून बसतें तेव्हां सहसा असें बसत नाहीं, त्याचे पुढचे पंख थोडे मागें झुकून मागच्या पंखांचा कांहीं भाग झांकतात. निसर्ग जें आसन घेत नाहीं, तें चित्रांत दिसलें कीं चित्रकाराचा हात समजावा.

या लबाडीला इतिहासहि आहे. १७०२ सालीं विल्यम चार्लटन नांवाच्या गृहस्थानें लंडनच्या जेम्स पेटिव्हर या संग्राहकाकडे एक अपूर्व फुलपाखरूं पाठविलें. पंख पिवळे, आणि त्यांवर काळे डाग व निळ्या चंद्रकोरी. ज्याची द्विनाम पद्धति आज सर्व जगांत चालते, त्या प्रत्यक्ष लिनियसनें पुढें त्याला ‘पॅपिलिओ एक्लिप्सिस’ असें नांव देऊन आपल्या ग्रंथांत स्थान दिलें. १७९३ मध्यें लिनियसचाच शिष्य फॅब्रिशियस यानें तें निरखून पाहिलें, तेव्हां उघड झालें कीं, ते डाग आणि त्या चंद्रकोरी कुंचल्यानें रंगविलेल्या असून फुलपाखरूं युरोपांतील अगदीं सामान्य अशा ब्रिमस्टोन जातीचें आहे. एका कुंचल्यानें शास्त्राला नव्वद वर्षें चकविलें! आज तर कुंचल्याचेहि श्रम उरले नाहींत. संगणकाला चार शब्द सांगितले कीं कधींहि न जन्मलेलें फुलपाखरूं कधींहि न उमललेल्या फुलावर तो क्षणांत बसवून देतो. अशा काळांत हौशी छायाचित्रकाराची एकच खरी मिळकत राहिली आहे, आणि ती म्हणजे ‘हें मीं पाहिलें’ ही त्याची साक्ष. सौंदर्यांत त्याला यंत्र हरवील. सत्यांत हरवूं शकणार नाहीं. जो आपल्या हातानें ती साक्ष खोटी करतो, त्यानें आपल्या हौसेचें भांडवलच बुडविलें.

यावर कलेच्या कैवाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे. छायाचित्र ही कला आहे, पंचनामा नव्हे. कलावंताला मांडणीचें स्वातंत्र्य हवें, असें ते म्हणतील. स्वातंत्र्य अवश्य घ्यावें. परंतु घेतल्याचें सांगावें. चित्रकार हिरवा घोडा काढतो तेव्हां त्याला कोणी खोटा म्हणत नाहीं, कारण असा घोडा मीं पाहिला असें त्याचें म्हणणेंच नसतें. छायाचित्राचा सारा दरारा मात्र ‘असें घडलें’ या एका गृहीतावर उभा असतो. त्या गृहीताचा लाभ घ्यावयाचा आणि त्याची जबाबदारी टाळावयाची, हें कलेचें स्वातंत्र्य नव्हे, खोट्या नाण्याचा व्यवहार होय. शिवाय जिला कष्टच नकोत ती कला कसली? सकाळचें कोंवळें ऊन अंगावर घेत फुलपाखरूं पंख उघडून बसतें, ती वेळ ओळखून ठेवणें. आपली सावली त्याच्यावर पडूं न देतां इंच-इंच पुढें सरकणें. मिटलेल्या पंखांच्या प्रतलाशीं भिंग समांतर धरणें, कारण इतक्या जवळून फोटो घेतांना जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. पंखांची वरची बाजू साधली तरी खालचीसाठीं पुन्हां थांबणें, कारण पुष्कळ जाती खालच्या बाजूवरूनच ओळखतां येतात. आणि एवढें करून तें उडून गेलें तर हंसून घरांत येणें, ही खरी साधना आहे. फ्रिजचें दार उघडण्याला साधना म्हणत नाहींत.

निर्दोष चित्राच्या या हव्यासापायीं आणखी एका गोष्टीचा बळी जातो. पंख फाटलेलें फुलपाखरूं दिसलें कीं छायाचित्रकार तोंड फिरवितो. चुकून त्याचा फोटो निघाला तर पुसून टाकतो. पण तो फाटका पंख म्हणजे त्या जिवाचें चरित्र आहे. दोन्ही बाजूंच्या मागच्या पंखांना एकाच जागीं, एकाच आकाराचा खांचा पडलेला असला, तर पंख मिटून बसलें असतांना पांखरानें त्यावर चोंच मारली आणि तें वांचलें, असें अनुमान करतां येतें. पंखांच्या टोकांना शेपट्या किंवा डोळ्यासारखे ठिपके कां असावेत, या प्रश्नाचें एक उत्तर त्या खांच्यांत लिहिलेलें असतें: मस्तक वांचावें म्हणून चोंच शेपटीकडे वळवावयाची. म्हाताऱ्या मनुष्याच्या सुरकुत्या ज्याला कुरूप वाटतात त्याला आपण रसिक म्हणत नाहीं. मग फाटक्या पंखाला कुरूप म्हणणारा रसिक कसा?

वनस्पतीसकट पाहण्याची संवय लागली म्हणजे डोळा कसा शहाणा होतो, याचें उदाहरण प्रत्येकाच्या कढीलिंबावर घडत असतें. कॉमन मॉरमॉन या काळ्या फुलपाखराच्या कांहीं माद्या आपल्या नरासारख्या दिसत नाहींत. त्या क्रिमझन रोज किंवा कॉमन रोज या, पांखरांना बेचव लागणाऱ्या, भलत्याच फुलपाखरांची नक्कल करतात. ही नक्कल एका जनुकाच्या निरनिराळ्या रूपांनीं कशी साधते, हें २०१४ सालीं कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें, आणि त्या संशोधनाला जगभर मान मिळाला. हौशी छायाचित्रकार मात्र अशा मादीचा फोटो काढून खाली ‘रोज’ असें नांव लिहून मोकळा होतो. त्यानें जर पांच मिनिटें थांबून ती कोणत्या पानावर अंडें घालते हें पाहिलें असतें, तर चूक झाली नसती. खरी रोज ईश्वरीच्या वेलाच्या वर्गांतील वनस्पति शोधीत जाते. कढीलिंबावर अंडीं घालीत असेल ती मॉरमॉन. अंगाचा रंगहि तेंच सांगतो. रोजचें शरीर तांबडें, नक्कल करणारीचें काळें. पंखांचें सोंग वठलें, शरीराचें राहून गेलें! जें ज्ञान शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेंत कष्टानें मिळालें, त्याची पहिली पायरी आपल्या परसांत आहे. आणि आपण ती औषध मारून धुवून काढतों.

कोणी म्हणेल, हौशी मनुष्याकडून इतकी अपेक्षा कशाला? तो कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. आमचें उत्तर असें कीं, या विषयाचा पाया हौशी माणसांनींच, आणि तोहि अळ्या पाळूनच घातला. मारिया सिबिला मेरियन या जर्मन बाईनें १६६० सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, रेशमाचे किडे पाळून निरीक्षणास आरंभ केला. संसार संभाळून तिनें घरीं अळ्या वाढविल्या, आणि १६७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अळी, कोष, फुलपाखरूं व त्यांची खाद्यवनस्पति हीं सर्व एकाच चित्रांत मांडलीं. किडे चिखलांतून आपोआप उपजतात असें पुष्कळ लोक मानीत होते, तो हा काळ. पुढें बावन्नाव्या वर्षीं ती समुद्र ओलांडून सुरिनामला गेली व १७०५ सालीं तेथील कीटकांचा ग्रंथ तिनें छापला. तिच्या चित्रांत पानें कुरतडलेलीं आहेत, हें आमच्या छायाचित्रकारांनीं अवश्य पाहावें. कुरतडलेलें पान तिला डाग वाटलें नाहीं, पुरावा वाटला.

दूर कशाला, आपल्या शेजारचेंच उदाहरण घ्या. १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभींच्या मंडळींत साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड एटकेन हे मिठाच्या व जकातीच्या खात्यांत नोकर होते. जेम्स डेव्हिडसन मुलकी अधिकारी होते. आणि टॉमस बेल वनखात्यांत. कारवारच्या परिसरांत या तिघांनीं अळ्या शोधल्या, घरीं आणून वाढविल्या, कोणती अळी कोणतें पान खाते याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या सोसायटीच्या नियतकालिकांत छापल्या. बेल यांची सामान्य फुलपाखरांवरील लेखमाला १९०९ पासून पुढें कित्येक वर्षें चालली. उत्तर कानड्यांतील फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींविषयीं आजहि अभ्यासकांना या नोंदी चाळाव्या लागतात. पोटासाठीं मीठ, महसूल आणि लाकूड, हौसेसाठीं अळ्या! परक्या राज्याचे हे नोकर आपल्या झाडांवरच्या अळ्या आपल्यापेक्षां अधिक ओळखीत होते, ही गोष्ट स्वाभिमानी मनाला टोंचावयास हवी. आणि केवळ एका बागेंत काय दिसूं शकतें, याचें उत्तर इंग्लंडांत लेस्टर येथें जेनिफर ओवेन या बाईंनीं देऊन ठेवलें आहे. त्या स्वतः प्राणिशास्त्रज्ञ खऱ्या, परंतु त्यांचें क्षेत्र म्हणजे उपनगरांतील घरची एक साधी बाग. १९७२ पासून २००१ पर्यंत तीस वर्षें त्यांनीं तिच्यांतील जीवांची मोजदाद केली, आणि २६७३ जातींची नोंद केली. त्या बागेंत भाजीपालाहि होता, फुलेंहि होतीं. नव्हता तो औषधाचा फवारा.

राहिला व्यवहारी आक्षेप. अळ्यांना मोकळें सोडलें तर लिंबाचें झाड जाईल, असें भय घातलें जातें. येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्याचें पोट संत्र्या-मोसंब्यांवर आहे, त्या बागाइतदाराशीं आमचा वाद नाहीं; कोंवळ्या रोपांची अळी नासाडी करते हें खरें आहे, आणि त्याचा हिशेब वेगळा. आम्ही बोलतों तें वर्षाकाठीं चार टोपल्या लिंबें बाजारांतून आणण्याची ऐपत असणाऱ्या घरांविषयीं. वाढलेलें झाड चार अळ्यांनीं मरत नाहीं. पावसाळ्यांत तें नवी पालवी फोडून मोकळें होतें. शिवाय अळीला शत्रु काय थोडे आहेत? शिंपी, दयाळ, बुलबुल हीं पांखरें पिल्लांसाठीं अळ्याच शोधीत असतात. गांधीलमाश्या त्या उचलून नेतात. कांहीं बारीक माश्या तर अळीच्या अंगांतच अंडीं घालून तिला आंतून पोखरतात. शंभर अंड्यांतून फुलपाखरें निघतात तीं थोडीं. आपण फवारा मारतों तेव्हां हे सारे फुकटचे राखणदार अळीबरोबरच घालवितों, आणि पुढच्या खेपेस अधिक फवारा मारणें भाग पडतें. बाग नाहीं, सदनिका आहे, ही सबबहि चालावयाची नाहीं. गॅलरींतल्या एका कुंडींत कढीलिंब वाढतो, आणि वास घेत आलेली मादी मजले मोजीत नाहीं. ठाण्याच्या ओवळेकरवाडींत जाळें न लावतां, खाद्यवनस्पति व मधाचीं फुलें लावून मोकळीं फुलपाखरें बोलावलीं आहेत. शंका असेल त्यानें तेथें जाऊन पाहावें.

आणि या सर्वाहून मोठी गोष्ट मुलांची. फुलपाखरूं दाखवून आपण मुलाला ‘बघ, किती छान’ म्हणतों, आणि अळी दिसतांच ‘शी, टाक ती’ म्हणून त्याचा हात झटकतों. एकाच जिवाच्या दोन अवस्थांविषयीं एकीला आरती व दुसरीला चप्पल, हा धडा त्याला आपण देतों. जें तयार, रंगीत आणि उडतें तें वंद्य. जें घडत आहे, सरपटत आहे, पान कुरतडीत आहे तें त्याज्य. असा धडा शिकलेलें मूल पुढें विद्येकडे, कलेकडे आणि माणसांकडेहि याच दृष्टीनें पाहूं लागलें, तर दोष कोणाचा? केसाळ सुरवंटानें खाज सुटते, त्याला हात लावूं नये, एवढें अवश्य शिकवावें. पण हात लावूं नये म्हणजे जीव घ्यावा असें नव्हे.

म्हणून आमचें मागणें फार नाहीं. बागेंतलें एक झाड, कढीलिंब किंवा लिंबू, फवाऱ्यापासून वगळावें, आणि तशी माळ्याला स्पष्ट ताकीद द्यावी. कुंपणाच्या कोंपऱ्यांत रुईचें एक झुडूप उभें राहूं द्यावें. फुलपाखराचा फोटो घेण्यापूर्वीं त्याच्या अळीचा एक तरी फोटो घ्यावा. प्रत्येक फोटोखालीं तारीख, ठिकाण आणि वनस्पतीचें नांव लिहावें. कारण एवढें लिहिलें म्हणजे चित्राची नोंद होते, आणि न लिहिलें म्हणजे नोंदीचें नुसतें चित्र उरतें. २०२० पासून दर सप्टेंबरांत देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना पाळला जातो. त्यांत अशा नोंदीला मोल आहे, नुसत्या वाहवेला नाहीं. पकडूं नये, गारठवूं नये, चिकटवूं नये; आणि फसलेला फोटो फसला म्हणून सांगण्यास लाजूं नये. ज्यांना हें जड वाटत असेल त्यांनीं खुशाल कागदाचीं फुलपाखरें करून भिंतीवर लावावीं; तीं पानें खात नाहींत, उडूनहि जात नाहींत. परंतु ज्यांना जिवंत फुलपाखरूं हवें आहे, त्यांनीं त्याची किंमत पानांनीं मोजली पाहिजे. आपलें पान कोणी खाल्लें तर ज्याला आनंद होतो, त्याच्याच अंगणाला फुलपाखरांचें अंगण म्हणण्याचा अधिकार आहे.